प्लस-मायनस चालत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी निरोप कुठे अडला ते शोधा

"भाऊ, गाडी मायनस घेऊन नाही राहिली." पचमढी नाहीतर चिखलदऱ्याहून परतलेली गाडी दारात उभी राहते आणि मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं. नागपूरचे रस्ते सपाट. ऑटोमॅटिक गाडीतला मॅन्युअल मोड, म्हणजे लिव्हर एमवर नेऊन प्लस-मायनसने गिअर आपण बदलायची सोय, इथे वर्ष-वर्ष कोणी वापरत नाही. घाट उतरताना ब्रेकचा वास यायला लागला की त्याची आठवण होते. लिव्हर एमकडे ओढला जातो, मायनस दाबला जातो, आणि गाडी ढिम्म. खरं तर बिघाड बहुतेक वेळा घाटात होत नाही, तो तिथे उघडकीला येतो. कधीकधी तो आठ-आठ महिने तसाच पडून असतो.

आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले मुलंमुली आणि आपल्या गाडीला काय झालंय हे समजून घ्यायची इच्छा असलेले मालक, अशा दोघांसाठी हे लिहितोय. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: प्लस-मायनसचा लिव्हर किंवा स्टिअरिंगमागचं पॅडल गिअर बदलत नाही, ते फक्त निरोप देतं. "एक गिअर खाली घे" हा निरोप बोटापासून निघतो, छोट्या स्विचमधून वायरीत जातो, वायरीतून गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे, म्हणजे टीसीयूकडे पोचतो. टीसीयू वेग, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), तेलाचं तापमान बघतो, पटलं तर गिअरबॉक्समधल्या सोलेनॉइडला (विजेच्या चुंबकाने सरकणाऱ्या खिट्टीला) हुकूम सोडतो आणि मग गिअर पडतो. आपलं काम एवढंच, की निरोप या वाटेवर कुठे अडला ते शोधायचं. वाटेच्या सुरुवातीला स्वस्त वस्तू आहेत आणि शेवटाला गिअरबॉक्स. म्हणून तपासणी नेहमी बोटाकडून सुरू करायची.

एक कसोटी आताच सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे लोकांचे बरेच पैसे वाचलेले मी पाहिले आहेत. गाडी डीमध्ये, म्हणजे आपोआप गिअर बदलायच्या स्थितीत टाकून चालवा. पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत ती स्वतःहून सुरळीत चढत-उतरत असेल, झटका नाही, घसरल्यासारखं नाही, तर गिअरबॉक्सला सगळे गिअर पाडता येतात हे सिद्ध झालं. मग फक्त प्लस-मायनसला ती दाद देत नाही म्हणून गिअरबॉक्स खाली उतरवायला निघणाऱ्याला आधी थांबवा.

नकार आणि बिघाड यांत फरक आहे

दहापैकी एखादी गाडी तरी अशी येते की तिला काहीच झालेलं नसतं. टीसीयूने नाही म्हटलेलं असतं आणि ते बरोबर असतं.

समजा तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन ४,००० आरपीएमवर आहे आणि दुसऱ्याचा रेशो तिसऱ्याच्या दीडपट आहे. दुसरा पडला तर त्याच वेगाला इंजिन ६,००० वर जाईल. पेट्रोल गाडीत हे लाल रेषेच्या, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेच्या जवळ, डिझेलमध्ये पार पलीकडे. टीसीयू असा मायनस नाकारतो. कुठे आकडा लुकलुकतो, कुठे टुक असा आवाज येतो, कुठे काहीच कळत नाही. उलट बाजूने, ताशी १५ ला चौथा मागितला तरी मिळत नाही. गाडी थांबत आली की मोड मॅन्युअल असूनही ती आपणहून पहिल्या-दुसऱ्यावर येते. लाल रेषा गाठल्यावर काही गाड्या स्वतःच वरचा गिअर घेतात, काही तिथेच अडून बसतात. ही त्या त्या गाडीची रीत आहे. डीमध्ये असताना पॅडल दाबलं तर अनेक गाड्या थोडा वेळच मॅन्युअल राहतात आणि मग आपोआप डीवर परततात. "पॅडल लागतं आणि सुटतं" अशी तक्रार आली तर आधी हे बघा.

एक घोळ वारंवार होतो. टोयोटाच्या काही गाड्यांत एस लिहिलेल्या खाचेत लिव्हर नेला की पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे चालू गिअर नसतो, ती वरची मर्यादा असते. ४ दिसला म्हणजे गाडी पहिल्या ते चौथ्यातला कुठलाही गिअर वापरेल. मालकाला वाटतं, चौथा सांगितला तरी गाडी तिसऱ्यावर का पळतेय. सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये तर दातांचे वेगवेगळे गिअरच नसतात. पट्टा आणि सरकणाऱ्या पुली यांच्यावर कंप्युटर ठरावीक टप्पे धरून ठेवतो, म्हणून त्या टप्प्यांचा धक्का हलका लागतो.

आणि दिशा. काही गाड्यांत लिव्हर पुढे ढकलला की प्लस, तर बीएमडब्ल्यू आणि माझदाच्या गाड्यांत पुढे म्हणजे मायनस. दोन गाड्या असलेल्या घरात हा गोंधळ हमखास होतो. लिव्हरच्या बाजूची खूण वाचा, गाडीचं पुस्तक उघडा. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात कोऱ्या प्लास्टिकसकट पडलेलं असतं.

हात लावण्याआधी विचारा

शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एका गाडीचं डावं पॅडल कधी चालायचं, कधी नाही. मी पॅडलच खराब ठरवलं, नवं मागवलं, बसवलं. दोन दिवसांनी गाडी परत आली, तक्रार तीच. तेव्हा उस्तादांनी मालकाला एवढंच विचारलं, "काका, हॉर्न बरोबर वाजतो का हो?" काका म्हणाले, "वळताना कधीकधी नाही वाजत." दोष स्टिअरिंगच्या आतल्या स्पायरल केबलचा होता, हॉर्न आणि पॅडल दोघांच्याही वायरी तिच्यातूनच जातात. मी एक प्रश्न विचारला नाही आणि त्या माणसाला नको त्या पॅडलचे पैसे पडले. ते मला अजून लागून आहे.

म्हणून आधी बसवा, पाणी द्या आणि विचारा. कधीपासून? नेहमी की अधूनमधून? फक्त लिव्हरने की पॅडलनेही? फक्त प्लस, फक्त मायनस, की दोन्ही? दुपारी जास्त होतं का? पावसात? गाडी धुतल्यावर? त्याआधी गाडीचं कुठलं काम झालं: बॅटरी बदलली, म्युझिक सिस्टीम बसवली, सीट कव्हर घातलं, एअरबॅगचं काम केलं? स्टिअरिंगवर जाड कव्हर चढवलंय का? त्या कव्हरची शिवण पॅडलच्या मागे अडकून ते अर्धवट दाबलेलं राहिलेलं मी स्वतः काढलंय. आणि शेवटचा, थोडा नाजूक प्रश्न: लिव्हरजवळ काही सांडलं होतं का?

आपल्या शहराचे दोन प्रश्न वेगळे. पहिला उन्हाचा. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. प्लास्टिकचे खटके कडक होऊन तुटतात, सर्किटवरच्या सोल्डरच्या जोडाला बारीक भेग असेल तर ती उन्हात उघडते आणि सकाळी मिटते. "दुपारी होतं, सकाळी नाही" हे वाक्य ऐकलं की मी ते वहीत अधोरेखित करतो. दुसरा प्रश्न पुराचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही पुढे विकल्या गेल्या असतील. जुनी घेतलेली गाडी असेल तर सीटखालचं कार्पेट उचला, बोटाने चाचपा, वास घ्या. चिखलाची बारीक रेघ, गंजलेले सीटचे बोल्ट, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांवर हिरवट थर यांतलं काही दिसलं तर तपासणीची सुरुवात तिथूनच करा.

लागणारं सामान

चांगला मल्टिमीटर, टॉर्च, प्लास्टिकच्या पट्ट्या (कन्सोल, म्हणजे लिव्हरभोवतीचा प्लास्टिकचा भाग, उचकटायला पेचकस वापरू नका, ओरखडा राहतो), कपलरमध्ये मागून घालायच्या बारीक पिना, कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि गिअरबॉक्सचा चालू डेटा दाखवणारा स्कॅनर. स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र बहुधा इंजिनाचेच कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे क्रमांक, वाचतं. "कोड नाही आला" म्हणजे गिअरबॉक्समध्ये कोड नाही असं त्यावरून ठरत नाही. त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळवा. अंदाजाने वायर शोधण्यात गेलेला वेळ कोणी भरून देत नाही. बल्बवाला टेस्ट लॅम्प मात्र या कामात बाजूला ठेवा, तो जास्त करंट ओढतो आणि मॉड्यूलच्या (गाडीतल्या छोट्या कंप्युटरच्या) नाजूक वायरींना ते सोसत नाही.

पहिली पायरी: बॅटरी, फ्यूज, ब्रेक लाइट

इथे फार वेळ घालवायचा नाही, पण वगळायचंही नाही. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. बॅटरी पडेल असेल तर मॉड्यूल विचित्र वागतात आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. गिअरबॉक्स आणि लिव्हरचे फ्यूज नुसते डोळ्यांनी बघू नका, दोन्ही टोकांना मीटर लावा. मग कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेक स्विच गेला असेल तर लिव्हर पीमधून (पार्किंगच्या जागेतून) निघतच नाही, कारण ब्रेकचा निरोप मिळाल्याशिवाय लिव्हरजवळचा सोलेनॉइड कडी सोडत नाही. ब्रेक दाबल्यावर लिव्हरपाशी टक् असा आवाज आला पाहिजे.

दुसरी पायरी: उभ्या गाडीत तीन प्रश्न

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला अडण, ब्रेकवर पाय. समोर भिंत किंवा माणूस नको. इंजिन चालू करून लिव्हर डीवर आणा आणि मग एमच्या खाचेत.

प्रश्न एक: पडद्यावर एम आला का? नाही आला तर प्लस-मायनसच्या स्विचपर्यंत जाऊच नका. लिव्हर एममध्ये आहे हेच टीसीयूला माहीत नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (पारंपरिक ऑटोमॅटिक) बहुतेक गाड्यांत पी, आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी ही स्थिती केबलने गिअरबॉक्सवरच्या रेंज सेन्सरला कळते. डीवरून एमकडे लिव्हर आडवा सरकतो तेव्हा मात्र ती केबल हलत नाही, एमची खबर लिव्हरखालचा वेगळा स्विच किंवा चुंबकावर चालणारा सेन्सर देतो. त्यामुळे डी नीट दिसतो आणि एम येत नाही, असं असेल तर नजर त्या एका स्विचवर ठेवा. लिव्हरची प्लास्टिकची जीभ तुटली की लिव्हर खाचेत जातो पण स्विच दाबला जात नाही. हे कन्सोल काढल्याबरोबर दिसतं. डीच चुकीचा दिसत असेल, पडद्यावर कधी एन, कधी काहीच नाही, तर दोष रेंज सेन्सर किंवा केबलच्या जुळणीत आहे.

प्रश्न दोन: दाबल्यावर आकडा हलतो का? थांबलेल्या गाडीत अनेक मॉडेल एकवरून दोनपर्यंत जाऊ देतात, काही तेवढंही नाही. म्हणून इथे आकडा हलला तर चांगलंच, नाही हलला तर निष्कर्ष काढू नका.

प्रश्न तीन, आणि हाच सर्वांत मोलाचा: लिव्हर आणि पॅडल दोन्ही असलेल्या गाडीत, एक चालतं आणि दुसरं नाही असं आहे का? लिव्हर चालतो, पॅडल नाही, तर टीसीयू आणि गिअरबॉक्स दोन्ही निर्दोष, दोष स्टिअरिंगच्या बाजूला. पॅडल चालतं, लिव्हर नाही, तर दोष कन्सोलखाली. दोन्ही मेलेले असतील तर वाट पुढे जिथे एक होते तिथे बघायचं. या एका तुलनेने अर्धी गाडी तपासणीतून बाद होते, आणि त्यासाठी एक स्क्रूही सोडावा लागत नाही.

तिसरी पायरी: रस्त्यावर

दोघं जा. एक चालवेल, दुसरा स्कॅनर धरेल. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघत बसायचं नाही. सकाळी सहाच्या सुमाराला आउटर रिंग रोड मोकळा असतो. चढ-उतार हवा असेल तर शहरात सेमिनरी हिल्सचा चढ आहे, आणि खरी परीक्षा घ्यायची असेल तर रामटेकच्या गडावर जाणारा रस्ता. समृद्धी महामार्गावर ही चाचणी करू नका. तिथे थांबायची सोय नाही आणि मागून येणाऱ्याचा वेग जास्त असतो.

ताशी ४० च्या आसपास एममध्ये तिसरा-चौथा असताना एकदा प्लस, एकदा मायनस द्या. तीन गोष्टी एकाच वेळी टिपा: आकडा बदलला का, आरपीएमचा काटा हलला का, गाडीला गिअर जाणवला का. आकडा आणि काटा दोन्ही हलले तर निरोप पोचला. आकडा हलला पण काटा जागेवर (आणि गाडी टोयोटाच्या एससारखी नुसती मर्यादा दाखवणारी नाही), तर निरोप पोचला, हुकूमही सुटला, गिअर मात्र पडला नाही. या एकाच परिस्थितीत गिअरबॉक्सकडे बोट दाखवायला आधार मिळतो. आकडाच हलत नाही, तर निरोप वाटेत अडला किंवा टीसीयूने नाकारला.

चौथी पायरी: स्कॅनरमध्ये स्विच बघा

आधी कोड वाचा आणि लिहून ठेवा. पुसू नका. पी ०८१५ म्हणजे वरच्या गिअरच्या स्विचचं सर्किट, पी ०८१६ खालच्या गिअरचं, पी ०८२६ दोन्हीचं मिळून. पी ०७०५ रेंज सेन्सरचं सर्किट. यू ०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. कोड कुठल्या गल्लीत जायचं ते सांगतो, घर आपल्याला शोधायचं असतं. पी ०८१६ आला म्हणून मायनसचा स्विच मागवायचा नाही, कारण वायर तुटली तरी तोच येतो.

मग चालू डेटा उघडा. इंजिन बंद ठेवून, फक्त इग्निशन चालू करूनही बहुतेक गाड्यांत हे दिसतं. अपशिफ्ट स्विच, डाउनशिफ्ट स्विच, मॅन्युअल मोड स्विच अशा ओळी शोधा. दाबलं की ऑन, सोडलं की ऑफ. दहा-दहा वेळा दाबा, हळू, जोरात, किंचित तिरकं. दहात दोनदा चुकला तरी स्विच खराब समजा. आणि बोट न लावता ऑन दाखवत असेल तर तो अडकलेला आहे. अडकलेल्या स्विचवर टीसीयू विश्वास ठेवत नाही. थोडा वेळ वाट बघून तो कोड टाकतो, आणि पुष्कळ गाड्यांत अख्खा मॅन्युअल मोडच बंद करतो.

काटोलकडच्या एका बागायतदाराची गाडी अशीच आली होती. एम मोड येतच नव्हता. दुसऱ्या ठिकाणी त्यांना वॉल्व्ह बॉडी, म्हणजे गिअरबॉक्समधली तेलाच्या झडपांची पेटी, उघडावी लागेल असं सांगितलं होतं, आणि त्या खर्चाच्या आकड्याने माणूस दोन रात्री झोपला नव्हता. डीमध्ये गाडी लोण्यासारखी चालत होती. स्कॅनर लावला तर मायनस कायम ऑन. कन्सोल काढला, तर लिव्हरखाली संत्र्याच्या रसाचा वाळलेला चिकट थर. नातवाच्या हातून ग्लास सांडला होता, वरून पुसून घेतला, आत गेलेला रस तसाच राहिला. साखर वाळली आणि स्विचची पत्ती दाबलेल्या जागीच चिकटली. साफसफाई, वाळवणी, परत जोडणी. दुपारी ते गाडी घेऊन गेले.

चालू डेटा समोर असतानाच वायरिंग हलवून बघा. लिव्हरखालचा हार्नेस (वायरींचा जुडगा), सीटखालचा, बॉनेटमधला. हलवल्यावर ऑन-ऑफ उडी मारली तर तिथेच थांबा आणि बारकाईने बघा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये आसरा घेतात आणि वायरीचं वरचं आवरण सोलून ठेवतात. वरून वायर अखंड दिसते, आत तांबं दोन धाग्यांवर लटकलेलं असतं. दुपारचाच दोष असेल तर केस वाळवायच्या यंत्राने लिव्हरचा भाग थोडा गरम करा, हाताला सोसेल इतकाच, आणि डेटा बघत राहा.

पाचवी पायरी: मीटर

स्कॅनरमध्ये स्विच दिसत नाही किंवा बदलत नाही, तेव्हा मीटर काढायचा. आधी डायग्राममध्ये स्विच कुठल्या प्रकारचा आहे ते ठरवा. साध्या प्रकारात टीसीयू वायरीवर व्होल्टेज ठेवतो आणि स्विच दाबला की ती वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली जाते. कपलर जोडलेलाच ठेवून मागून पिन घाला. इन्सुलेशनला टोचू नका, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं. स्विच न दाबता मीटरवर गाडीप्रमाणे १२ किंवा ५ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, दाबल्यावर शून्याजवळ.

व्होल्टेज आहे, पण दाबल्यावर पडत नाही: स्विच जुळत नाही किंवा त्याची अर्थ गेली. प्लस आणि मायनस दोन्ही एकदम मेले असतील तर अर्थवर पहिला संशय घ्या, कारण ती बहुधा दोघांना सामाईक असते. स्विच दाबून धरा, मीटरची एक पिन स्विचच्या अर्थच्या वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थच्या जोडणीत अडथळा आहे. व्होल्टेज मुळातच नाही: वायर तुटलेली, किंवा टीसीयूकडून येतच नाही. टीसीयूच्या टोकाला मोजा. तिथे आहे आणि लिव्हरपाशी नाही, तर मधली वायर.

आणखी एक खात्री. स्विच अर्थच्या बाजूचाच आहे हे डायग्रामवरून पक्कं झालं असेल तरच, सिग्नलची वायर क्षणभर अर्थला लावा आणि स्कॅनर बघा. ऑन झालं तर वायर आणि टीसीयू दोन्ही चांगले. डायग्राम नसेल तर हे करू नका. चुकीच्या वायरीला अर्थ दिली तर मॉड्यूल जळू शकतं.

पॅडलमध्ये अनेकदा रेझिस्टर असतात. एकाच वायरीवर प्लसचा ओहम वेगळा, मायनसचा वेगळा, आणि मॉड्यूल त्यावरून ओळखतो. तिथे नुसती कंटिन्युइटी (वाट अखंड आहे का ते) बघून भागत नाही, गाडीच्या दुरुस्तीपुस्तकातला ओहमचा आकडा जुळला पाहिजे. नव्या गाड्यांत लिव्हरमध्येच इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि तो सगळी खबर डेटा लाइनवर, म्हणजे मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींवर पाठवतो. तिथे स्विचवर मीटर लावून हाती काही येत नाही, चालू डेटावरच विसंबावं लागतं. डेटा लाइनचाच संशय असेल तर बॅटरी सोडून, स्कॅनर जिथे लावतो त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आले तर लाइन ठीक, १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटला, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाइनीमधलं वेगळं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हा आकडा आतल्या लाइनबद्दल काही सांगत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

पॅडल, आणि स्टिअरिंगच्या आतली केबल

इथे मी आवाज चढवून सांगतो, कारण इथे जीव जाऊ शकतो. स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग आहे. पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर तिचे. त्यांना मीटर लावायचा नाही, कधीच नाही. मीटरचा थोडासा करंटही एअरबॅग फोडू शकतो. स्टिअरिंग उघडायचंच असेल तर बॅटरी सोडा, गाडीच्या पुस्तकात सांगितली आहेत तेवढी मिनिटं थांबा, मगच हात घाला. एअरबॅग काढली की तिचा सजावटीचा भाग वर राहील अशी ठेवा. हे कोणी शिकवलेलं नसेल तर उघडू नका. ज्याला येतं त्याच्या बाजूला दोनदा उभं राहून बघा, मग करा.

सुदैवाने स्टिअरिंग न उघडताही बरंच कळतं. गाडी उभी, चालू डेटा समोर, एका हाताने पॅडल पुन्हा पुन्हा दाबत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. काही कोनांतच सिग्नल जात असेल तर दोष स्पायरल केबलचा. ही चपटी रिबन स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली असते आणि प्रत्येक वळणाला उलगडते, गुंडाळते. तिच्यातूनच हॉर्न, आवाजाची बटणं, क्रूझ आणि एअरबॅगचे धागे जातात. म्हणून पॅडलबरोबर हॉर्न किंवा बटणं दगा देत असतील, किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर पॅडल मागवू नका. आणि असा दिवा लागला असताना गाडी "चालते आहे ना" म्हणून परत देऊ नका, मालकाला स्पष्ट सांगा.

नवी केबल बसवताना तिचा मध्य साधूनच बसवायची. मध्य चुकला तर पूर्ण वळणावर ती ताणून तुटते. जुनी वापरलेली केबल मी बसवत नाही, स्वस्त पडली तरीही. एअरबॅगचा धागा त्यातून जातो.

एएमटीचं थोडं वेगळं

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडे सर्वसामान्यांच्या गाडीत आली, आणि आज ऑटोमॅटिक म्हणून येणाऱ्या छोट्या गाड्यांत ती पुष्कळ दिसते. आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, क्लच आणि गिअर हलवायचं काम ॲक्च्युएटर करतो. इथला लिव्हर बहुधा पूर्णपणे विजेवरचा असतो, गिअरबॉक्सपर्यंत केबल जात नाही. त्यामुळे लिव्हरचा सेन्सर बिघडला तर फक्त एमच नव्हे, डी आणि आरही गडबडतात. फक्त एममध्ये त्रास असेल तर वरच्याच पायऱ्या लागू. डीमध्येही गिअर उशिरा पडत असेल, मध्येच एनवर जात असेल, तर क्लचची झीज, ॲक्च्युएटरचं तेल, आणि क्लच बदलल्यानंतर स्कॅनरने करायचं लर्निंग (नव्या क्लचची कंप्युटरला ओळख करून देणं) राहिलं का, हे बघा.

निरोप पोचतो, गिअर पडत नाही

स्विच बरोबर, डेटामध्ये ऑन दिसतो, टीसीयूने मागितलेला गिअर बदलतो, तरी काटा हलत नाही. आता गिअरबॉक्सची पाळी. तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तपासा. तेल काळं, जळकट वासाचं असेल तर क्लचच्या चकत्या झिजल्या असण्याची शक्यता मोठी. मग सोलेनॉइडचे ओहम, तेलाचा दाब. हे काम गिअरबॉक्स उघडलेल्या अनुभवी माणसाकडे सोपवा, पण जाताना आपली वही बरोबर द्या: कोड, स्विचचा डेटा, कोणत्या गिअरला काय झालं. म्हणजे तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही.

तोवर गाडी चालवायची का?

मालक हे विचारणारच. डी सुरळीत असेल आणि फक्त प्लस-मायनस मेलं असेल तर शहरात चालवायला हरकत नाही. घाट मात्र टाळा. जावंच लागलं तर लिव्हरवर एल किंवा २ अशी (खालचे गिअर धरून ठेवणारी) जागा असल्यास ती वापरून उतरा. लिव्हरची स्थिती आणि पडद्यावरचं अक्षर जुळत नसेल, गाडी पी-एन सोडून इतर ठिकाणीही स्टार्ट होत असेल, किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर चावी देऊ नका.

दुरुस्तीनंतर

स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरनेच साफ करा. पेट्रोल किंवा रॉकेल नको, प्लास्टिक चिरतं. तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळायची सवय सोडा, नागपूरच्या उन्हात तो टेप महिन्याभरात पाघळतो. झाळा किंवा नीट क्रिम्प करा आणि वर आकसणारी नळी चढवा. अनेक गाड्यांत स्विच सुटा मिळत नाही, पूर्ण लिव्हर असेंब्लीच घ्यावी लागते. किंमत मालकाला आधी सांगा, होकार आल्यावर मागवा.

मग कोड पुसा, स्टिअरिंग उघडलं असेल तर अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन करा, आणि पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच दोन माणसांनी चाचणी घ्या. दुपारचा दोष होता तर चाचणी दुपारीच, गाडी तासभर उन्हात ठेवून. पावसातला होता तर गाडी धुवून. या वेळी मालकाला चालवायला बसवा आणि मायनस त्याच्याच हाताने दाबू द्या. काढलेला सुटा भाग पिशवीत घालून त्याच्याकडे द्या, आणि बिलाच्या मागे दोन ओळी लिहा: काय सापडलं, कुठल्या वायरीवर, कुठल्या तारखेला.